साईच्या पोटातलं भाकीत

...नाही, पण मला एक सांगा, सटवाईने यांचं काय घोडं मारलं होतं? बाई बिचारी सहाव्या रात्री यायची, कपाळावर काय ते लिहायची, निघून जायची. अक्षर कुणाला लागत नव्हतं, त्यामुळे घरात वादही नव्हता! पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली की आईबापांचं काम संपलं. आता तुम्ही म्हणाल, हे गाऱ्हाणं कशावरून? सांगतो. पण आधी एवढं ध्यानात घ्या, की तान्ह्या मुलाचं पुढे काय होणार हे आधीच कळतं, या गोष्टीची रूपं आपल्याकडे पुष्कळ आहेत. एका रूपात बाळंतिणीच्या खोलीच्या दारात कुणीतरी आडवं झोपतं, सटवाईची वाट अडवतं, आणि काय लिहिलंस ते सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणतं. दुसऱ्यात जोशीबुवा पत्रिका मांडतात आणि राजाचा चेहरा उतरतो. तिसरं रूप घरगुती... उष्टावणाच्या दिवशी बाळापुढे वही, पेन, सोन्याची अंगठी, मातीचं ढेकूळ मांडायचं आणि ते काय उचलतं ते बघायचं. (बाळ सहसा शेजारच्या काकूंचा चष्मा उचलतं, ते सोडा.) या सगळ्या रूपांत एक गोष्ट कायम : ज्याला भाकीत कळतं त्याची झोप उडते, आणि ज्याच्याविषयी कळतं तो पाळण्यात गाढ झोपलेला असतो. आता हे चौथं रूप, आपल्या पुण्यातलं, बिबवेवाडीतलं, अगदी ताजं. यात सटवाई नाही, जोशी नाही. यात खराडीची एक लॅब आहे, आणि ती कपाळ बघत नाही. ती काय बघते... जेवणं झाली आहेत तुमची, असं धरून सांगतो. ती बाळाची शी बघते!

हसू नका. दिगंबररावांना हसू आलं नव्हतं.

दिगंबरराव म्हणजे मार्केट यार्डातले तोलणार. छत्तीस वर्षं कांद्याच्या, बटाट्याच्या गोण्या काट्यावर चढल्या आणि उतरल्या, आणि हा माणूस काट्याशेजारी उभा राहून वजन पुकारत राहिला. अडत्याकडे झुकला नाही, शेतकऱ्याकडे झुकला नाही. भांडण लागलं की लोक म्हणायचे, 'दिगंबर काय बोलला? मग संपलं!' असा माणूस. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, वय त्रेसष्ट. पत्नी विमलाबाई. मुलगा तेजस, खराडीच्या आयटी पार्कात. सून अपेक्षा, तीही तिथेच, दुसऱ्या कंपनीत, बाळंतपणाची रजा संपत आलेली. आणि नातू साई, वय महिने सात, व्यवसाय पालथं पडणे.

तर एका संध्याकाळी तेजस घरी आला तो बूट न काढताच बोलायला लागला. "बाबा, हे बघा, धिस इज सायन्स. बाळाच्या पोटात आत्ता जे जंतू वस्तीला येतात ना, तेच ठरवतात पुढे त्याचा स्टॅमिना किती, रिकव्हरी किती. आठ महिन्यांच्या आत टेस्ट केली की कळतं, मुलगा शंभर मीटरचा की मॅरेथॉनचा!"

विमलाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि काहीच नसेल तर?"

"आई, काहीच नाही असं नसतं गं कुणाच्या पोटात."

"मग बघायचं कशाला?"

पण तेजस ऐकतोय कुठे? वाघोलीला म्हणे एक अकादमी निघाली आहे, तिची 'अंकुर तुकडी' आहे, रिपोर्टात जी पहिली वीस मुलं येतील त्यांना बारा वर्षं प्रशिक्षण. बारा वर्षं! मूल अजून बसायला शिकलेलं नाही हो, मागे उशी लावावी लागते! आणि हे म्हणतात बारा वर्षं!

आता दिगंबरराव तिथेच म्हणू शकले असते, की तेजस, पुरे. पण नाही म्हणाले, आणि त्याला कारण होतं. तेजस स्वतः बाराव्या वर्षी पळायचा. चांगला पळायचा, जिल्ह्यात दुसरा आला होता. निवासी प्रशिक्षणासाठी निवड झाल्याचं पत्र आलं, खाली वडिलांची सही हवी होती, आणि दिगंबरराव म्हणाले होते, "आधी दहावी होऊ दे." दहावी झाली. बारावी झाली. इंजिनिअरिंग झालं, नोकरी झाली, लग्न झालं, पोट सुटलं. पोराने एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त टीव्हीवर कुठलीही शर्यत लागली की तो आवाज बंद करून बघायचा. आणि तुम्हाला सांगतो, तो मुका टीव्ही दिगंबररावांना सगळ्यात मोठ्यांदा ऐकू यायचा. त्यामुळे आता तोंड उघडायची वेळ होती... आणि दिगंबरराव गप्प.

लॅबचा डबा आला. पांढरा, नाजूक, मिठाईचा वाटावा असा. आत एक नळी, एक चिमुकला चमचा, बर्फाची पिशवी. अट काय? नमुना शनिवारी सकाळचा ताजा हवा आणि दहाच्या ठोक्याला कुरिअरवाल्याच्या हातात पडला पाहिजे. नाही पडला तर पुढची पाळी दोन महिन्यांनी, म्हणजे साई आठ महिन्यांच्या वर, म्हणजे संपलं. आणि नेमका त्या शनिवारी तेजसला ऑफिसात काहीतरी 'रिलीज' होतं, अपेक्षाला रजेच्या कागदपत्रांसाठी बोलावलं होतं, विमलाबाई कात्रजला बहिणीकडे, कुसुमकडे. घरात कोण? दिगंबरराव, साई आणि डबा.

आणि साईला चार दिवस झाली नव्हती!

डॉक्टर म्हणतात, अजून बहुतेक दुधावरच असलेल्या बाळाचं असं चालतं, काळजीचं कारण नाही. हो, डॉक्टरांना कुठे दहा वाजता कुरिअर द्यायचंय?

आठ वाजता तेजसचा फोन. "बाबा, झाली?" "नाही." सव्वाआठला. "झाली?" "नाही रे." साडेआठला नुसताच आवाज, "हं?" दिगंबररावांनी बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. साई खुदकन हसला. पोटावर कोमट तेल चोळलं. साई हसला. पाय धरून सायकल चालवल्यासारखे फिरवले... त्याला तर हा खेळ इतका आवडला, की थांबवल्यावर तो रडला. नऊला दुपट्यावर उघडा निजवून समोर पाटावर बसले, छत्तीस वर्षं काट्याकडे बघितलं तसे, नजर न हलवता. साई आजोबांकडे बघतोय, आजोबा साईकडे बघतायत. पंख्याचा आवाज. घड्याळाचा आवाज. साडेनऊ. "बाबा, प्लीज, काहीतरी करा ना!" आता काय करायचं असतं यात माणसाने, तुम्हीच सांगा! पावणेदहा. साईचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, दिगंबरराव चमचा घेऊन पुढे झाले, श्वास रोखला... आणि साई शिंकला.

दहाला सात कमी. खालून बेल. "कुरिअर! काका, आहे का पार्सल? मी गाडी बंद करत नाहीये हां!"

आणि फोन वाजतोय. आणि बेल वाजतेय. आणि त्या ताणाचा परिणाम ज्याच्या पोटावर व्हायला हवा होता त्याच्यावर न होता, तुम्हाला सांगतो, दिगंबररावांच्या पोटावर झाला. ते धावले. आयुष्यात पहिल्यांदा धावले असतील. आणि धावताना, का कोण जाणे, हातात तो डबा तसाच राहिला...

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही शहाणे आहात.

दहाला एक मिनिट कमी असताना डबा कुरिअरवाल्याच्या हातात पडला. फोन उचलला. "बाबा? झाली?" तोंड उघडायची हीच वेळ होती हो! एक वाक्य! "झाली," एवढंच म्हणाले, तेही खोटं नव्हतं. पुढे तेजस आनंदाने काय काय बोलत होता, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात, थँक यू, बाबा," आणि दिगंबरराव गप्प.

मनात म्हणाले, काय निघणार आहे? आपण कधी बस पकडायलासुद्धा पळालो नाही. 'सर्वसाधारण' म्हणून रिपोर्ट येईल, तेजस दोन दिवस खट्टू होईल, विषय मिटेल. असा हिशेब.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. चौदा पानी, रंगीत. आणि तो घेऊन अकादमीचा एक तरुण जातीने घरी आला, सलिल नावाचा, अंगात टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, उभ्या उभ्या जागच्या जागी उड्या मारल्यासारखा बोलायचा. "सर! मॅडम! काँग्रॅच्युलेशन्स! आठशे मुलांत पहिला! एन्ड्युरन्स नव्याण्णव टक्के! आणि हे बघा, सर, हे तर आम्ही कधी पाहिलंच नाही... आतड्याचं वय, त्रेसष्ट!"

अपेक्षा म्हणाली, "त्रेसष्ट काय? दिवस?"

"नाही, मॅडम. वर्षं."

"आणि हे तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"मॅडम, हीच तर मॅच्युरिटी! बाळ आतून फार पुढे गेलंय. डेटा खोटं बोलत नाही!"

साई तेव्हा स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालत होता आणि तो सापडत नव्हता. तेजसच्या डोळ्यांत पाणी. त्याने वडिलांचा हात धरला. आता बोलायचं ना! आणि दिगंबरराव गप्प.

इथून पुढे बघा हं, गोष्ट कशी आवळत जाते. सलिलने एक पावडर दिली. साईचा मऊभात बंद, वरणाचं पाणी बंद, दिवसातून पाच वेळा ती पांढरी खळ. साई पहिल्या चमच्याला थांबला, विचार केला, आणि सगळी सलिलच्या शिट्टीवर उडवली. पण नियम म्हणजे नियम. पोर चार दिवसांत किरकिरं झालं, दुपारचं झोपेना. आणि अकादमीची दुसरी अट : एका पालकाने पूर्ण वेळ मुलासोबत. नोकरी चालणार नाही. तेजसचा पगार जास्त, मग कोण सोडणार? सांगायला नकोच. अपेक्षा एका दुपारी सासऱ्यांसमोर येऊन बसली. ही मुलगी मोजकं बोलणारी. म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी कुणाला चुकीचं वजन सांगितलं नाहीत म्हणतात सगळे. म्हणून तुम्हाला विचारते. नऊ वर्षं झाली मला तिथे. मार्चमध्ये माझ्या हाताखाली टीम येणार होती. देऊ का राजीनामा?"

दिगंबररावांच्या घशात शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. तेवढ्यात आत तेजस साईला उचलून म्हणत होता, "माझा पळणारा पोरगा! पळणार ना तू? पळणार ना?" हा आवाज त्यांनी वीस वर्षांत ऐकला नव्हता... आणि दिगंबरराव गप्प.

आणि तुम्हाला वाटत असेल, याहून वाईट काय व्हायचं? झालं. अपेक्षाने रिपोर्ट बारकाईने वाचला. बाई आयटीतली, शेवटच्या पानावरची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाही. अकराव्या पानावर लिहिलं होतं, आहारातील ठळक खुणा : मिरची, शेंगदाणे, चहा.

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, तुम्ही साईला काही भरवता का? आमच्या मागे?"

"मी? काय भरवणार गं?"

"ठेचा."

"अगं, त्याला दात तरी आहेत का!"

"चहाला लागत नाहीत दात."

झालं! विमलाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. तेव्हापासून नातवाला हात लावीनात. पोर रांगायचा प्रयत्न करत त्यांच्याकडे झेपावलं तरी दोन्ही हात पाठीमागे. "नको रे राजा, माझ्या हाताला मिरची असेल. रिपोर्टात आलंय." असं दिवसातून वीस वेळा, अपेक्षा ऐकेल अशा बेताने. दोघी एका ओट्यापाशी उभ्या, आणि बोलणं फक्त कुकरच्या शिट्टीपुरतं. आणि चाळीस वर्षं रोज सकाळी ठेचा-भाकरी आणि वर दोन कप चहा घेणारा गृहस्थ समोर बसलेला! त्याच्या ताटात तेव्हाही ठेचा होता! विमलाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी सांगा तिला." तुम्हाला सांगतो, माणसाने यापुढे गप्प बसू नये. ही हद्द आहे. आणि दिगंबरराव... गप्प. घास गिळला, पाणी प्यायले, उठून गॅलरीत गेले. तिथे कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

उगवला तुकडीच्या शुभारंभाचा रविवार. वाघोली. सभागृह. चाळीसेक पालक, वीसेक बाळं, पाठीमागे हा मोठा फलक, त्यावर साईचा फोटो, पायात चिमुकले स्पाइक्सचे बूट. ते बूट फोटोनंतर त्याने चावले, पण तो भाग फलकावर नाही. सलिल ध्वनिक्षेपकावर, "आपला पहिला अंकुर!" टाळ्या. सात-आठ बाळं दचकून रडायला लागली. मग म्हणाला, "मॅडम, राजीनाम्याचा मेल तयार आहे ना? इथेच सेंड करा, सगळ्यांसमोर, तोच आपला संकल्प! आणि तोवर आजोबा आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील." आणि माईक दिगंबररावांच्या हातात!

बघा चित्र. एका हातात माईक. समोर अपेक्षा, हातात मोबाइल, अंगठा त्या 'पाठवा'वर, एवढ्या अंतरावर. तिच्या शेजारी विमलाबाई, मांडीवर नातू नाही, हात पाठीमागे. पलीकडे तेजस, चेहरा बारा वर्षांच्या मुलासारखा. दिगंबररावांच्या कपाळावरून घाम नाकावर, नाकावरून माईकवर... टप्, असा आवाज स्पीकरमधून आला. अपेक्षाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. अंगठा हलला.

"थांब, पोरी!"

स्पीकरमधून असा आवाज घुमला, की रडणारी बाळंही थांबली.

"काट्यावरचा माल बदललाय."

कुणाला काही कळेना. सलिल म्हणाला, "वा, काका, काय सुंदर विचार..."

"विचार नाही. तो नमुना साईचा नाही." आणि मग, तुम्हाला सांगतो, डोळे मिटून, माईक तोंडाला लावून, वजन पुकारायच्या त्याच ठणठणीत आवाजात, "माझा आहे!"

मागच्या रांगेतले दोन आजोबा एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले, ते कशासाठी, ते मी विचारलं नाही.

पहिल्या उठल्या विमलाबाई. "म्हणजे ठेचा तुमचा!" सगळ्या सभागृहासमोर. "सतरा दिवस! सतरा दिवस मी लेकराला हात लावला नाही, आणि तुम्ही समोर बसून भाकरी मोडत होता?" पाठीमागचे हात पुढे आले, अपेक्षाच्या मांडीवरून साईला उचललं, छातीशी धरलं. अपेक्षा म्हणाली, "आई, चुकलं माझं." विमलाबाई म्हणाल्या, "ते घरी बघू." म्हणजे मिटलं. पुण्यात याहून जास्त कुणी मिटवत नाही.

तेजस मात्र तसाच उभा. "का, बाबा?"

माईक चालूच होता. "त्या वेळी माझ्यामुळे राहिलं तुझं. या वेळी पण माझ्यामुळेच राहिलं असतं, दहाला सात कमी होते..." आणि आता तेजस गप्प. मग त्याने वडिलांच्या हातातून माईक काढून घेतला, बंद केला, आणि म्हणाला, "मला सांगायचं होतंत, बाबा. मी काय केलं असतं? चिडलो असतो. बास."

अपेक्षाने मेल खोडला. तेजसकडे न बघता म्हणाली, "एक तारखेपासून मी ऑफिसला जातेय. आणि साईचं काय ते साई बघेल. आधी बसू दे त्याला नीट."

निघाले सगळे. दारापर्यंत पोचले, तर मागून सलिल पळत! वाटलं, आता हा भांडणार. कसलं काय! "काका, काका! एक मिनिट! म्हणजे वय त्रेसष्ट बरोबर होतं! बघितलंत, डेटा खोटं बोलत नाही! आणि एन्ड्युरन्स नव्याण्णव टक्के, म्हणजे तुमचे! काका, आमच्याकडे साठीच्या पुढची तुकडी आहे, पहाटेची, तळजाईला... घरच्यांची संमती लागते फक्त."

"अहो, नाही हो, माझं वय..." दिगंबरराव सांगायला लागले. इतके दिवस गप्प बसलेला माणूस आता बोलतोय, गुडघे सांगतोय, मणका सांगतोय, पण कोण ऐकतंय?

विमलाबाईंनी साईला एका काखेत घेतलं, दुसरा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या इकडे तो फॉर्म."

सोमवारी पहाटे साडेपाचला दिगंबरराव नवे बूट घालून तळजाईच्या पायथ्याशी उभे राहिले. सलिलने शिट्टी वाजवली. ते पहिल्या वळणापर्यंत पळाले, तिथे बाकावर बसले, आणि रिक्षा करून घरी आले.